वाटूर फाट्यावरचा फलक

३ नोव्हेंबर
दिवाळीनंतर आज कॉलेज उघडलं आणि सोबती मंडळात माझी सुरक्षा प्रतिनिधी म्हणून निवड झाली. मच्छिंद्र सरांनी परिपत्रक वाचून दाखवलं. प्रत्येक विद्यार्थी संघटनेत एक मुलगा आणि एक मुलगी प्रतिनिधी हवेत. अठरा वर्षांखालचे सदस्य आणि आपण ज्या वृद्ध-अपंग माणसांना मदत करतो ती माणसं, दोघांच्याही सुरक्षिततेची जबाबदारी या प्रतिनिधींची. सरांनी विचारलं, "कोण तयार आहे?" मी हात वर केला. तृप्तीचा हात तिच्या मैत्रिणीनं धरून वर केला.
"झालं," सर म्हणाले. "श्रेणिक आणि तृप्ती. दोघंही बीकॉम तृतीय वर्ष. आता मला त्रास देऊ नका."
मंडळाचं काम साधं आहे. परतूरहून संध्याकाळच्या बसनं वाटूर फाट्यावर उतरणाऱ्या मुलींना वस्तीपर्यंत सोबत द्यायची, आणि फाट्यावरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांना बँकेत, दवाखान्यात नेऊन आणायचं. थंडीत सहाच्या आत अंधारतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी तूर असते. आतापर्यंत सगळं तोंडी चालायचं. "तिकडंच चाललीस ना, मंग हिला संगं घे." मला ही पद्धत पटत नाही. काम लिहून ठेवलेलं असलं की पक्कं होतं.

७ नोव्हेंबर
रात्री जेवताना कल्पना सुचली. आपल्याकडे कागदाला कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतीची यादी, देवळाच्या देणगीदारांची नावं, सप्ताहाचा कार्यक्रम, सगळं पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवतात. फलकावर आलं की ते खरं. मग सोबतीचं वेळापत्रक फलकावर का नको?
दादाजींना विचारलं. फाट्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तिथला शब्द दादाजींचाच चालतो.
"पत्रा देतो, रंग देतो, पेंटर देतो," ते म्हणाले. "खाली लिहायचं, सौजन्य झुंबरलाल आणि सन्स. बराबर दिसलं पाहिजे."
"किती मोठं?"
"चष्मा न लावता मला वाचता आलं पाहिजे."

१० नोव्हेंबर
तृप्तीला मजकूर दाखवला. नाव, वर्ग, वस्ती, बसची वेळ, सोबत कोण, मोबाईल.
"नंबर कशाला?" ती म्हणाली.
"अडचण आली तर कोणालाही फोन लावता यावा."
"कोणालाही?"
"हो, कोणालाही."
ती गप्प बसली. तिला पटलं असावं.

१२ नोव्हेंबर
फलक लागला! पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, चार फूट बाय सहा फूट. कारभारी पेंटरनं दोन दिवस लावले, पण अक्षर असं काढलं की एसटीच्या खिडकीतूनही वाचता येतं. अकरा मुली, तीन म्हातारे. नमुन्यासाठी दोन ओळी इथे उतरवतो.
प्रियदर्शनी, बारावी सायन्स, ██████ वस्ती, बस █.██, मोबाईल ██████████. (खोडलं. २३ जानेवारी.)
भिवा काका, दृष्टिहीन, निराधारचा पगार आणायला बँकेत, दर महिन्याची ██ तारीख, परत फाट्यावर दुपारी █ वाजता. (हेही खोडलं.)
सौजन्याची ओळ सगळ्या नावांपेक्षा मोठी आहे. दादाजी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, चष्मा काढून, वाचून आले. सरांना फोटो पाठवला. त्यांनी तीन अंगठे पाठवले आणि लिहिलं, "अहवालात घेऊ."
आज फार बरं वाटतंय. काहीतरी टिकणारं केलं.

१९ नोव्हेंबर
भिवा काका फलकाच्या शेजारीच, लिंबाखाली, चऱ्हाट वळत बसतात. लहानपणी देवीत त्यांचे डोळे गेले. फाट्यावर कोण आलं, कोण गेलं, हे मात्र सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. मी दुकान उघडायला गेलो तर म्हणाले, "श्रेणिकशेठ, तुमची पाटी लई वाचून राह्यलेत लोकं."
"कोण वाचतंय काका?"
"पोरं. फटफटीवाले. मोठ्यानं वाचतेत. एक तर रोज येतो. आकडे दोन-दोनदा म्हणतो."
ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. पुस्तक उघडायचा कंटाळा करणारी पोरं आपला फलक रोज येऊन वाचतायत. तृप्तीला सांगितलं तर तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिला कौतुक करायला अवघड जातं.

२६ नोव्हेंबर
भिवा काका म्हणतात, पगाराला दुसऱ्या तारखेला जाऊ, आणि ती तारीख पाटीवर लिहू नका. कारण विचारलं तर म्हणाले, "आसंच." आता एका तारखेसाठी पेंटरला पुन्हा बोलवायचं का? म्हातारी माणसं हट्टी असतात. "बघू," म्हणालो.

३ डिसेंबर
दोन मुली शेवटचा तास सोडून दुपारच्याच बसनं जायला लागल्यात. थंडी वाढली म्हणून असेल. प्रियदर्शनी चार दिवस आली नाही. तापाची साथ आहे. तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं.
या मुलीशी माझं फारसं बोलणं नाही. मागच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात तिनं उसाच्या पाचटाचं खत मांडलं होतं आणि परीक्षकांनाच तीन प्रश्न विचारले होते, तेवढं लक्षात आहे.

८ डिसेंबर
तीर्थपुरीच्या मंडळाला आपला फलक हवाय! त्यांचा अध्यक्ष म्हणाला, "भाऊ, फोटो पाठवा, माप पाठवा, जसाच्या तसा करतो." माप, रंगाचा नंबर, रकाने, सगळं पाठवलं. सर म्हणाले, आता हा जिल्हाभर जाईल.
तृप्तीनं विचारलं, "प्रियदर्शनीचा काही पत्ता?"
"ताप असेल."
"आठ दिवस?"
उद्या-परवा तिच्या घरी जाऊन यायचं ठरलं.

११ डिसेंबर
लिहायचं मन नाही, पण लिहितो.
दुपारी तृप्ती आणि मी ██████ वस्तीवर गेलो. प्रियदर्शनीची आई पुष्पाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ताप-बीप काही नव्हता. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.
"कॉलेज बंद तिचं," त्या म्हणाल्या. "परीक्षा बी न्हाई. तिच्या बापानं सांगितलंय."
"काय झालं मावशी?" तृप्तीनं विचारलं.
"काय व्हायचं राह्यलं? घरच्या फोनवर कुण्या माणसाचे फोन येऊन राह्यलेत. प्रियदर्शनीला द्या म्हंतो. आज कोणच्या बसनं आली, कोणच्या रंगाची वढणी व्हती, सगळं सांगतो. तिनं नंबर दिल्याबिगर त्याला कळलं कसं? बाप इचारतो तर म्हंती, पाटीवर लिवलाय. आता मला सांगा, पोरीचा नंबर पाटीवर कोण लिवतं? इतकं येडं बी कोणी आसतंय का?"
माझे कान गरम झाले.
"मावशी, खरंच आहे पाटीवर," तृप्ती म्हणाली.
"तू मैत्रीण हायेस तिची. तू तेच म्हंशील." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, "पाटी आहे. नीट बघून सांगतो."
बघून सांगतो! जणू ती मी कधी पाहिलीच नव्हती.
दाराच्या आत प्रियदर्शनी उभी होती. हातात पुस्तक होतं आणि त्यातल्या पानावर बोट तसंच ठेवलेलं होतं.
तिचे वडील रामकिसन अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहेत. गाळपाच्या दिवसांत फक्त रविवारी घरी येतात. त्यांनी फलक पाहिलेलाच नाही. त्यांनी पाहिले ते फक्त फोन.
येताना अर्ध्या वाटेत तृप्ती थांबली. मग म्हणाली, "तू सांगणार की मी?"

१२ डिसेंबर
सकाळी भिवा काकांना विचारलं, "आकडे दोन-दोनदा वाचणारा कोण होता?"
"सांगितलं व्हतं की तुम्हाला. तवाच."
"मला वाटलं, लोक कौतुकानं वाचतायत."
"कौतुकानं कोणी फोन नंबर वाचतंय का शेठ?" त्यांचे हात चऱ्हाटावर चालूच होते. "त्याच्या फटफटीचं सायलन्सर फुटकं हाय. वाणी मी वळखतो. एकदा माझ्याकून कासरा नेल्ता त्यानं. माझ्या पगाराची तारीख बी तोच वाचत व्हता. म्हणून म्हणलं, तारीख बदला."
"मग तेव्हाच स्पष्ट का नाही सांगितलं?"
"तुम्ही लई खुशीत व्हते."
घरी येऊन ही वही काढली. १९ नोव्हेंबर, माझ्याच अक्षरात: "ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं." २६ नोव्हेंबर: "म्हातारी माणसं हट्टी असतात." १० नोव्हेंबर: "तिला पटलं असावं." सगळं मला सांगितलं गेलं होतं. मीच ते नीट उतरवून घेतलं होतं.
दुपारी फलक पुसायला घेतला. थिनरच्या दोन बाटल्या संपल्या. पिवळा रंग फिका झाला, पण आकडे काही जाईनात. दादाजी खुर्ची टाकून बघत बसले होते.
"आपला माल आहे," ते म्हणाले. "तो निघत नसतो."
मग त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ सौजन्याच्या ओळीकडे बघत राहिले. चष्मा लावलेला होता.
"उतरव खाली," ते म्हणाले. "तोंड भिंतीकडे करून गोडाऊनला ठेव. आणि तीर्थपुरीला फोन लाव, आत्ताच्या आत्ता."
लावला. त्यांचा पत्रा आला होता, पण पेंटर मामाच्या लग्नाला गेला होता. वाचलो.

१४ डिसेंबर, रविवार
रामकिसन काका माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत हे माहीत होतं. मी कोण? त्यांच्या मते कदाचित तोच फोन करणारा. तृप्ती म्हणाली, "आपल्याकडे फलकावरचं तेवढं खरं मानतात ना? मग फलकच घेऊन जा."
म्हणून दुकानाच्या टेम्पोत फलक घातला, वरून ताडपत्री बांधली, आणि तृप्ती, मी आणि दादाजी गेलो. दादाजींना मी बोलावलं नव्हतं. ते टेम्पोत आधीच पुढे बसले होते.
रामकिसन काका बाजेवर बसले होते. उठले नाहीत. मी ताडपत्री काढली. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली, सावकाश, एकेका नावावर बोट ठेवून. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.
"हे कोणी लिवलं?"
"मी."
"हिला इचारलं व्हतं?"
"नाही."
"मला?"
"नाही काका."
"तुमच्या घरी पोरगी हाय ना कॉलेजात? तिचा नंबर दिसंना यात."
माझी बहीण रितिका अकरावीला आहे. तिला कॉलेजातून आणायला दुकानातून गाडी जाते. तिचं नाव लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दादाजी माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.
"काका," मी म्हणालो, "तिनं कोणालाच नंबर दिला नाही. तिनं तुम्हाला खरं सांगितलं. चूक माझी आहे. सगळी माझी."
रामकिसन काकांनी मान वळवली. प्रियदर्शनी दारात होती.
"तू सांगत व्हतीस," ते म्हणाले.
"पंधरा दिस झाले सांगून, बाबा."
शेळी ताडपत्रीचा कोपरा चघळत होती. मग रामकिसन काका म्हणाले, "कारखान्यात मी दिवसाला दोनशे गाड्या तोलतो. एक किलो इकडचा तिकडं होऊ देत न्हाई. आन् घरात..." पुष्पाबाई आत गेल्या आणि स्टोव्हचा आवाज आला. आम्हाला बसा असं कोणी म्हणालं नाही, पण चहा पाच कप आला.
तृप्ती म्हणाली, पोलिसांकडे तक्रार करता येईल, महिला कॉन्स्टेबल आहेत, ती स्वतः बरोबर येईल. रामकिसन काका लगेच नको म्हणाले. "गावात बोभाटा व्हईल पोरीचा."
"बोभाटा तर झालाच की बाबा," प्रियदर्शनी म्हणाली. "पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरात. आता काय राह्यलं?"
रामकिसन काका हसले. अगदी थोडं, पण हसले. मग म्हणाले, "चला. मी बी येतो."
निघताना दादाजींनी हात जोडले. "रामकिसनजी, खाली नाव माझं आहे. ते वाचून लोकांना वाटलं असेल, झुंबरलालनं लावलंय म्हणजे ठीकच असेल. माफी माझीही समजा."
रितिकाच्या गाडीत चार जागा रिकाम्या येतात, हेही त्यांनी वाटेत मला सांगितलं. सांगितलं म्हणजे, सुनावलं.

१७ डिसेंबर
माणूस सापडला. पलीकडच्या गावचा, तिशीतला, घरी दोन मुलं. फोनमध्ये त्याचे कॉल होतेच. कॉन्स्टेबल बाईंनी भिवा काकांनाही बोलावलं होतं. त्याला कागदावरचे आकडे मोठ्यानं वाचायला लावले. त्यानं प्रत्येक आकडा दोनदा वाचला.
"ह्योच," भिवा काका म्हणाले. "आन् माझ्या कासऱ्याचे आठ आणे कमी दिल्ते त्यानं, ते बी लिवून घ्या बाई."
सगळी चौकी हसली. तो माणूस हसला नाही. गुन्हा नोंदवला आहे, पुढचं कोर्टात.

२० डिसेंबर
मंडळाची बैठक. मी नियम लिहून नेले होते, दोन पानं. तृप्तीनं ते घेतले, घडी केली आणि म्हणाली, "ज्यांची सुरक्षा आहे त्यांना आधी बोलू दे."
मुली बोलल्या. तासभर बोलल्या. दुपारच्या बसनं जाणाऱ्या दोघींनाही फोन येत होते. थंडीचा काही संबंध नव्हता. भिवा काका बोलले. "मला बँकेत नेताना सगळे माझ्या मनगटाला धरून वढतेत. मी बैल हाय का? मला तुमच्या खांद्यावर हात ठेवू द्या, मी चालतो." तीन वर्षं आम्ही त्यांना नेतोय. कोणी विचारलंच नव्हतं.
ठरलं ते असं. यादी एकाच वहीत, ती तृप्तीकडे कुलपात. प्रत्येकीला फक्त तिची सोबतीण माहीत. नाव, नंबर, फोटो काहीही बाहेर द्यायचं तर त्या माणसाला विचारून, आणि अठराच्या आतली असेल तर घरच्यांनाही. पोचल्यावर तृप्तीला एका शब्दाचा निरोप. कोणी तक्रार सांगितली तर ती ऐकणाऱ्यानं त्याच दिवशी तृप्तीला किंवा सरांना सांगायची, स्वतःच अर्थ लावत बसायचं नाही. हा शेवटचा नियम कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं. मीच तो सगळ्यात आधी लिहून घेतला.
सर म्हणाले, अहवालातला फोटो काढतो. मग "ते अंगठे माझेच होते," असंही म्हणाले.
प्रतिनिधीपद सोडू का, असं मी विचारलं. तृप्ती म्हणाली, "वा! आत्ता कुठे तुला कळायला लागलंय, आणि आता नव्या कोणाला शिकवत बसू?"

५ जानेवारी
भिवा काका कधी बँकेत गेले ते लिहीत नाही. गेले आणि आले. माझ्या खांद्यावर हात होता. वाटेत म्हणाले, "शेठ, तुम्ही उजव्या पायानं जरा जड चालता." मला आजवर माहीत नव्हतं.

२३ जानेवारी
फलक पुन्हा फाट्यावर लागला आहे. दादाजींनी त्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारून घेतले, वरून पुन्हा पिवळा दिला, आणि कारभारी पेंटरकडून फक्त एसटीचं वेळापत्रक लिहून घेतलं. सौजन्याची ओळ नाही. मी विचारलं तर म्हणाले, "एसटी माझी आहे का?"
भिवा काकांना विचारलं, "काका, लोक पाटी वाचतात का?"
"न्हाई. आता कोणी ढुंकून बघत न्हाई."
बरं वाटलं.
प्रियदर्शनी महिनाभर कॉलेजला येतेय. आज तिची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बसमधून उतरली तेव्हा बोटांवर जांभळे डाग होते आणि ती कोणाला तरी सांगत होती की बाहेरून आलेल्या परीक्षकांचंच उत्तर चुकलं.
मी तिला थांबवलं. म्हणालो, "मी रोजनिशी लिहितो. तिच्यात तुझं नाव आहे, वस्ती आहे, नंबर आहे. काल वाचताना लक्षात आलं. ही वहीसुद्धा फलकच आहे. फाडून टाकू का?"
तिनं विचार केला. "बाबांनी काय केलं ते हाय का त्यात?"
"आहे."
"मी काय बोलले ते?"
"तेही आहे."
"मंग फाडू नका. नाव राहू द्या, बाबांचं बी राहू द्या. वस्ती खोडा, येळ खोडा, नंबर खोडा. आन् नीट खोडा. थिनरनं नको."
भिवा काकांनाही विचारलं. ते म्हणाले, "तारीख खोडा. आठ आणे ठेवा."
घरी आल्यावर काळ्या शाईनं सगळं खोडलं. उजेडाकडे धरून पाहिलं, पान उलटून पाहिलं. काही दिसत नाही.
संध्याकाळी ती कोणाबरोबर गेली, कोणत्या वाटेनं गेली, मला माहीत नाही. साडेसहाला तृप्तीचा मेसेज आला. एकच शब्द.
पोचली.